जावळाचा पाट आणि गच्चीवरचं ऊन

अमळनेरच्या लताबाईंचा देवापेक्षा उन्हावर जास्त विश्वास. ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, गाद्या, सर्दी झालेली नातवंडं, सगळं त्या गच्चीवर नेत आणि सगळं ठणठणीत होऊन खाली येई.

त्यांची सून मयुरी मात्र मागच्या पडवीच्या कोपऱ्यात रमायची. तान्ही लेक चिमी झोपली की तिथे लाकूड घासत बसायची. तो कोपरा लताबाईंना बिबड्यांच्या डब्यांसाठी हवा होता. शेवटी तह झाला. मयुरीने केलेला सागाचा पाट चिमीच्या जावळाला पाहुण्यांपुढे मांडण्याजोगा झाला, तर कोपरा तिचा. नाहीतर डब्यांचा.

पाट देखणा झाला. मयुरीने त्याला बिनरंगी वॉर्निशचा हात दिला, सावलीत ठेवला आणि चिमीला थोपटता थोपटता तिचाच डोळा लागला.

लताबाईंनी बोट लावून पाहिलं. चिकट. जावळ तर परवावर आलेलं. त्यांना सुनेची मनापासून दया आली. त्यांनी पाट उचलला आणि भर वैशाखाच्या उन्हात बिबड्यांच्या रांगेत नेऊन ठेवला.

मयुरी उठली तेव्हा पाटाला तळलेल्या पापडासारखे फोड आले होते.

गल्लीची बैठक बसली. सासरे पितांबरनानांनी लाकडाला दोष दिला, शेजारच्या हेमलताकाकूंनी नजरेला. फोड सुईने टोचून पाट पुन्हा उन्हात ठेवावा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. उन्हाला कोणी काही बोललं नाही.

मयुरीचे डोळे भरून आले होते, पण तिने पॉलिश पेपर घेतला. चिमी मांडीला टेकून कागदाचा एक तुकडा चुरगाळत बसली. फोड घासून गेले, भुकटी पुसली गेली. मयुरीने वॉर्निशमध्ये थोडं टर्पेंटाइन घालून पातळ हात दिला आणि सासूबाईंकडे वळली.

"आई, हा पाट म्हणजे बिबडी नाही. याला सावलीच लागते. तुम्ही दारात बसाल का?"

लताबाई कावळे हाकायची काठी घेऊन बसल्या. मग पडवीत कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. नाना चपला घ्यायला आले, तेही अनवाणीच परत गेले.

जावळाच्या दिवशी मामा चिमीला घेऊन पाटावर बसला. केस उतरले. मामा उठला आणि पाट त्याला न चिकटता जागेवरच राहिला, तेव्हा कुठे मयुरीने श्वास सोडला.

धुळ्याहून आलेल्या नणंदेने, सुलक्षणाने, पाटावरून हात फिरवला आणि कुठून घेतला म्हणून विचारलं. मयुरीने तोंड उघडायच्या आत लताबाई अहिराणीत म्हणाल्या, "घरनाच शे. पन सावलीमा वाळाडेल शे. उनमा फोड येतस, बठ्ठा लोकेस्ले ते कळत नही."

कोपरा मयुरीचा झाला. दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली, तर डबे नव्हते. वॉर्निशसाठी आलेला हेमलताकाकूंचा चौरंग होता, देव्हाऱ्याची चौकट होती आणि स्टुलावर चिमीला मांडीवर घेऊन लताबाई बसल्या होत्या.

"पातळ हात दे," त्या म्हणाल्या. "मी सांगस ना."