तोटीच लिहा

नळखात्याच्या तक्रार खिडकीवर तेहतीस वर्षं बसलेल्या माणसाला लोक लाडाने काही म्हणतील, ही अपेक्षाच चूक. यांना म्हणायचे दुरुस्तेसाहेब. जन्मात एक वॉशर बदलला नव्हता यांनी. दुरुस्त करायचे ते लोकांचे शब्द.

खात्याची रीतच तशी होती म्हणा. वहीत एकेका बिघाडाला एकच ठरलेला शब्द, आणि तो वाचून मिस्त्री हत्यारं उचलायचा. कुणी आपल्या सवयीने ‘कॉक गळतोय’ सांगावं, तर वहीत कॉक म्हणजे रस्त्यावरची झडप, म्हणून मिस्त्री तिचा पाना खांद्यावर टाकून जायचा आणि हात हलवत परत यायचा. म्हणून साहेब खिडकीतून म्हणायचे, “नळ. नळ गळतोय असं म्हणा.” समोरचा तसं म्हणेपर्यंत त्यांचं पेन वहीला लागायचं नाही.

इथवर ठीक. पण माणसाने कचेरी कचेरीत ठेवून घरी यावं की नाही? साहेब ती डब्यासोबत घरी आणायचे. आणि घरी बायको होती दूरच्या मुलखातली. नळाला तोटी म्हणणारी, बटणाला खटका, बाथरूमला न्हाणी. तिच्या माहेरी सगळे तसंच म्हणायचे आणि तिथेही पाणी यायचं, दिवे लागायचे, कुणाचं काही अडायचं नाही. इथे मात्र ती “तोटी बंद करा हो” म्हणाली, की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, “नळ.”

पाहुण्यांसमोर तर साहेबांना ऊत यायचा. “आमच्याकडे दिवा लावायचा तरी खटके उडवावे लागतात,” हा त्यांचा ठरलेला विनोद. पाहुणे हसायचे. तीही हसायची, पदराशी चाळा करत. हळूहळू ती बोलायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग तेही सोडलं. हाताने दाखवून “ते बंद करा”, “त्याच्यात ठेवलंय” एवढ्यावर भागवायला लागली. बायको कमी बोलते म्हणून मित्र साहेबांचा हेवा करायचे, आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे. बहिणीचा फोन आला की मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तोटी, न्हाणी, खटका, सगळं घडाघडा. साहेब आत आले की फोन आवरता घ्यायची. हे त्यांना तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण त्यात काही आहे असं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, ती रोज यायला लागली. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, पिशवीत चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, “जो शब्द येईल तो येऊ द्यायचा. चूक असो, अर्धा असो, दुरुस्त करायचा नाही. आधीच घाबरलेला शब्द असतो तो, एकदा आत गेला की परत येईलच असं नाही.” सगळ्यांनी मान हलवली. साहेबांनी जरा जास्तच.

तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. बाई पत्ते दाखवायच्या, ती टक लावून बघायची, ओठ हलायचे आणि थांबायचे. आणि एका सकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीत, नळाचं चित्र समोर आलं तेव्हा ती स्वच्छ म्हणाली, “तोटी.”

लेकीच्या हातातला टॉवेल खाली पडला. आणि साहेब, देवा, जित्याची खोड ती, पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, “नळ.”

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. बाईंनी पत्ते गोळा करून पिशवीत घातले. लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिथून, पाठ फिरवूनच म्हणाली, “बाबा, एक शब्द होता हो तिचा. एक.”

त्या दिवसापासून साहेबांनी सुरू केलं. “तोटी सोडतो हां,” “खटका दाबतो,” “न्हाणीत गरम पाणी काढलंय तुझ्यासाठी.” तिचे शब्द त्यांच्या तोंडात उसन्या चपलांसारखे वाजायचे. वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळत होतं. रोज ते म्हणायचे, रोज ती नुसती बघायची. आणखी पाच आठवडे गेले.

मग एक दिवस सकाळपासून पाणीच आलं नाही. साहेबांनी फोन तिच्या खुर्चीजवळ ओढला आणि आपल्याच जुन्या खात्याला लावला. पलीकडे कुणी नवी मुलगी होती.

“आमच्या तोटीला पाणी नाही,” साहेब म्हणाले, तिला ऐकू जाईल अशा बेताने.

“नळाला म्हणायचंय का, काका? वहीत नळ लिहावं लागतं.”

“माहीत आहे. ती वही मीच आखलीय. तुम्ही तोटीच लिहा.”

“मिस्त्रीचा घोटाळा होईल, काका.”

“होऊ दे. मी दारात उभा राहून समजावतो त्याला. तोटी लिहा, बाळ.”

मुलीने लिहिलं की नाही, कोण जाणे. पण दुपारी पाणी आलं. स्वयंपाकघरातला नळ आधी खाकरला, मग धो धो वाहायला लागला. साहेबांनी तिची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत ओट्यापाशी नेली. तिचा डावा हात धारेखाली धरला. “बघ,” ते म्हणाले, “तोटीला पाणी आलं.”

तिने धारेकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला.

“न,” ती म्हणाली. मग सगळा जीव गोळा करून, “नळ.”

आणि शाळेतलं पोर फळ्यावरचं गणित सोडवून मास्तरांकडे बघतं तशी ती बघत राहिली.

“आई बोलली,” लेक दारातून म्हणाली आणि रडायलाच लागली.

साहेबांना ओरडून सांगायचं होतं, अगं नाही, तुझाच शब्द बरोबर होता, तोच म्हण. शब्द पार जिभेवर आला होता. पण बाईंनी बजावलं होतं, आलेला शब्द दुरुस्त करायचा नाही.

“बरोबर,” ते म्हणाले, आणि तिचा ओला हात आपल्या सदऱ्याला पुसत राहिले.