जवादीचा दादा

"तुह्यं इथं हाय कोन?" तांड्याच्या प्रमुखांनी, सेवादास नाईकांनी, विचारलं.

"दादा हाय," जवादी म्हणाली.

लिंबाखाली बसलेली सगळी पंचायत खो खो हसली. दादा म्हणे! थेट आफ्रिकेतून आलेल्या बाईला पांढरकवड्याजवळच्या तांड्यात भाऊ कुठून असणार? तिचा नवरा, तांड्यातला किसनसिंग, मोंबासाच्या बंदरावर ट्रक चालवायचा. महाराष्ट्र झाला त्या साली तो तिला लग्न करून घेऊन आला आणि दोन वर्षांत तापानं गेला. त्याचे दिवस होतात न होतात तोच त्याच्या थोरल्या भावानं, धावजीनं, धोशा लावला: बाईनं आपल्या मुलखात जावं, घर मला द्यावं. घर तरी कोणाचं? जवादीनं स्वतः माती तुडवून भिंती उभ्या केलेलं!

"कोन्ता दादा? दाखव ना मंग!" धावजी म्हणाला.

जवादीनं बायकांकडे बोट केलं. धावजीच्याच बायकोकडे, हंसाबाईकडे.

आता तर माणसं लोळायचीच बाकी राहिली. गोष्ट एवढीच, की जवादीच्या भाषेत थोरल्या बहिणीला दादा म्हणतात. "अवं, दादा मानसाले म्हनते," हंसाबाईनं हजारदा सांगितलं. ऐकेल तर शपथ! पण हंसाबाईचं लेकरू गेलं तेव्हा अख्ख्या तांड्यात हीच एकटी तिला कुशीत घेऊन बसली होती.

हंसाबाई उठली. घुंगट मागे सारला. पंचायतीत बाईनं असं कधी केलं नव्हतं.

"हसून काहून राह्यले? मी हाय तिचा दादा. भाऊ जित्ता असताना बहिनीले घरातून कोन काढते, पाह्यतोच मी!"

"खाली बस!" धावजी ओरडला. "नाहीतर माह्या घरात पाय ठेवू नको."

"नाही ठेवत."

नाईकांचं हसू मावळलं. "धावजी, जिच्यामागं भाऊ उभा हाय, तिले तांडा काढत नाही. बाई इथंच राहीन."

धावजीनं आपला शब्द खरा केला. माणसं पांगायच्या आत हंसाबाईचं गाठोडं अंगणात येऊन पडलं. उभा जन्म त्या घरात राबलेली बाई. ती दाराकडे बघत राहिली आणि तिचा बांध फुटला.

जवादीनं गाठोडं डोक्यावर घेतलं. "रडून नको राहू, दादा."

"कोन रडते? चाल पुढं."

जवादीच्या घरी मागच्या वाटेनं जाता आलं असतं. दोघी लिंबाखालून, बसलेल्या सगळ्या माणसांच्या मधून गेल्या. माणसांना पाय आखडून घ्यावे लागले.