तांबड्या चतुरावरची धूळ

आमच्या घरी धूळ दुकानातून येते. बाटलीत भरून, वर चिठ्ठी चिकटवलेली: ‘उन्हाळी धूळ’, ‘वाळका चिखल’, ‘जुनं इंजिन ऑइल’. ज्या घरातली फुकटची धूळ मी रोज सकाळी झाडून बाहेर काढते, त्याच घरात माझे यजमान नोरिहिको कुरेबायाशी विकतची धूळ आणतात आणि बारीक ब्रशनं छोट्या विमानांवर बसवतात. शिझुओकातल्या निवृत्त माणसांना दोनच वेडं. निम्मे चहाच्या मळ्यात खुरपतात, निम्मे प्लास्टिकची मॉडेलं जोडतात. पहिल्या निम्म्यांच्या बायकांचा मला हेवा वाटतो, त्यांच्या घरी निदान चहा तरी येतो.

ह्यांच्या मंडळाचं नाव सुरुगा पंख मंडळ. हे अध्यक्ष. मंडळाला फक्त दोन पंखी विमानं चालतात, एकावर एक पंख आणि मध्ये तारांचं जाळं असलेली. आणि मंडळाचा धर्म एकच: चकचकीत विमान म्हणजे खेळणं, मळकं विमान म्हणजे कला. “जोडायला काय, कुणीही जोडेल. मळवायला साधना लागते,” असं सेरिझावा-सान नेहमी म्हणतात. ते मंडळाचे चिटणीस, पूर्वी औषधाचं दुकान होतं त्यांचं. त्यांच्या घरी संडासातल्या सपातासुद्धा रोज धुतात. साधना बाहेर, सपाता घरात.

यंदा ह्यांनी नौदलाचं जुनं सराव-विमान घेतलं. पोरं ज्यावर उडायला शिकायची ते, नारिंगी रंगाचं. रंगामुळे लोक त्याला चतुर किड्यावरून तांबडा चतुर म्हणायचे. हेच विमान घ्यायचं कारण आमच्या घरातच खालच्या खोलीत राहतं. माझे सासरे, गेन्झो. महायुद्धाच्या शेवटी ते सतरा वर्षांचे होते आणि नौदलाच्या तळावर या विमानांची देखभाल करायचे. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. नंतर सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं, ते वयाच्या ऐंशीपर्यंत चालवलं.

मामंजींचा एक शब्द आहे, ‘ठीक’. तो फक्त सायकलींना मिळायचा. चाक फिरवायचं, कान लावून ऐकायचं, पुसून काढायचं आणि म्हणायचं, “ठीक.” मुलगा कॉलेजात गेला तेव्हा म्हणाले, “हं.” नगरपालिकेत लागला तेव्हा, “हं.” मला बघायला आले तेव्हा म्हणाले, “हं. उंची बरी आहे.” मला निदान वाक्य तरी मिळालं. हे आता सत्तरीला टेकले, डोक्यावर मोजून चार केस उरले, तरी त्या एका शब्दासाठी झुरतात. मला कधी बोलून दाखवलं नाही, पण इतकी वर्षं एकत्र जेवल्यावर बोलायला कशाला लागतं.

“प्रदर्शनाच्या आधी बाबांना दाखवायचं,” हिवाळ्यात पहिला पंख चिकटवताना हे म्हणाले.

“आणि ते ‘हं’ म्हणाले तर?”

“या खेपेला नाही म्हणणार.”

अख्खा हिवाळा त्या विमानावर गेला. दोन पंखांमधल्या तारांसाठी माझ्या मोज्यांतला ताणणारा धागा उसवून काढला. मी मोजे शोधत होते, तर हे म्हणतात, “ते सत्कारणी लागले.” मग मळवणं सुरू झालं. इंजिनातून गळलेलं तेल वाऱ्यानं मागे ओढलं जाणार, मग त्याचा ओघळ किती लांब? वैमानिक चढताना पंखावर पाय ठेवणार, मग बुटाची माती कुठे? एकदा मी सवयीनं टेबलावरून फडकं फिरवलं.

“अगं, काय केलंस? डाव्या चाकाची धूळ होती ती.”

“मग उजव्या चाकाची देऊ का आणून? फ्रिजखाली पुष्कळ आहे.”

यावर हे माझ्याशी बोलेनासे झाले. घर कसं शांत झालं.

मे महिन्यात, प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी, ह्यांनी समारंभ ठेवला. सेरिझावा-सान आणि मंडळाचे आणखी दोघं आले. तातामी चटयांच्या खोलीत चौघं मांडी मोडून गुडघ्यांवर बसले. सेरिझावा-सान डोळ्याला भिंग लावून विमानाभोवती सरपटले.

“अध्यक्ष, हा तेलाचा ओघळ बघून मला वास यायला लागला.”

“तुमची कृपा.”

“वार्निश मारलंत ना वरून?”

“वार्निश मारलं की धूळ मरते.”

“खरंय, मरतेच. पण हे सगळे पाण्याचे रंग. प्रदर्शन होईपर्यंत कुणाचा ओला हात लागू देऊ नका.”

मी चहा आणला, सोबत प्रत्येकाला हात पुसायला गरम ओला टॉवेल. मग मामंजींना हाताला धरून आणलं. हे बसल्या जागी इतके ताठ झाले की मला मुलाखतीला आलेला पोरगाच दिसला.

मामंजी बसले. चष्मा लावला. विमानाकडे बघत राहिले. चहा निवला तरी कुणी घोट घेतला नाही.

“हे कुणाच्या ताब्यातलं?” त्यांनी विचारलं.

ह्यांचा चेहरा उजळला. “माझ्या, बाबा. सगळं मी एकट्यानं केलंय.”

“आणि असा बसून राहिलास?”

मामंजींनी ताटलीतला ओला टॉवेल उचलला आणि विमानाच्या नाकावर ठेवला.

सेरिझावा-सानच्या घशातून एक बारीक आवाज आला. पण नव्वदी उलटलेल्या माणसाचा हात धरायचा कुणी? आमच्याकडे घर पेटलं तरी म्हाताऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. टॉवेल फिरला, तेलाचा ओघळ गेला. फिरला, बुटांची माती गेली. अंगठा तारांत अडकला आणि माझा मोजा टक्कन तुटला. हे दोन्ही हात पुढे करून अर्धवट उठले होते. थांबवायचं असतं तर तेव्हाच थांबवलं असतं.

“सकाळी तपासणी असते,” मामंजी पुसता पुसता म्हणाले. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. “विमानावर डाग सापडला की सगळ्या पोरांना रांगेत ओणवं करतात. डाग एकाचा, दांडका सगळ्यांना. आमच्यातला इशिगामी बारका होता. त्याला उठता यायचं नाही नंतर.” मग त्यांनी शेजारचा टॉवेल उचलून ह्यांच्याकडे टाकला. “बघतोस काय? शेपटीकडून तू घे. तपासणीला मास्तर येतील.”

ह्यांनी टॉवेलाकडे बघितलं, विमानाकडे बघितलं. त्या शेपटीवरच्या धुळीला अख्खा फेब्रुवारी गेला होता. हे गुडघ्यांवर पुढे सरकले आणि पुसायला लागले. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या हातात फडकं बघितलं नव्हतं. खालमानेनं, कोपऱ्याकोपऱ्यातून, बोटाला टॉवेल गुंडाळून पुसत होते. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

शेवटी टेबलावर एक नारिंगी, ओलंगिच्च विमान उरलं. निम्म्या तारा लोंबत होत्या. मामंजींनी वाकून पोटाखालून बघितलं, पंखाखालून बघितलं.

“ठीक,” ते म्हणाले. “आज कुणाला मार नाही.”

ह्यांनी कपाळ चटईला टेकवलं आणि बराच वेळ वर केलं नाही. सेरिझावा-सान भिंग पुसत बसले, ते आधीच स्वच्छ होतं.

प्रदर्शनात विमान तसंच नेलं. मंडळानं विनवलं की अजून आठवडा आहे, निदान चाकांना तरी धूळ लावा. हे ऐकेनात. परीक्षक आले, टोकियोचे, पन्नाशीचे, मळवण्यातले फार मोठे उस्ताद. त्यांच्या नावाची चिखलाची बाटली निघते. विमानाकडे बघून त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

“कुरेबायाशी-सान, तारा तुटल्या ते समजू शकतो. पण यात वास्तव कुठाय? वापरातलं विमान इतकं स्वच्छ कधी असतं का? जुने फोटो बघा जरा.”

मागे मंडळी माना खाली घालून उभी होती. हे कमरेत वाकले.

“बरोबर आहे तुमचं,” हे म्हणाले. “पण पुसलं नसतं, तर बाबांना मार बसला असता.”

परीक्षकांना काही कळेना. एवढा वयस्कर माणूस, त्याचे बाबा, त्यांना मार. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, अशा वेळी लोक बायकोकडे बघतात तसं, की बाई, घरी कधीपासून हे असं चाललंय? आणि इतकी वर्षं चारचौघांत ह्यांची टर उडवणारी मी, ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“हो,” मी म्हटलं. “बसला असता.”