हनुवटीवरचा तीळ

नवऱ्या सजवणाऱ्या बाईंना त्या खोलीतल्या वासाची शिसारी आली होती. पावडर, स्प्रे आणि वर करपलेल्या केसांचा वास. या धंद्यात त्यांनी सगळी थेरं पाहिली होती. आधी पिठाच्या डब्यात तोंड बुडवल्यासारख्या पांढऱ्याफटक नवऱ्या, मग तेलकट चकाकणाऱ्या, आणि आता मेकअप केलाय हे कळू नये म्हणून थरावर थर थापून घेणाऱ्या.

"तो हनुवटीवरचा तीळ झाका," नवरीची आई म्हणाली. "फोटोत घाण दिसतो."

बाईंचा हात थांबला. या आईलाही तिच्या लग्नात त्यांनीच सजवलं होतं. तेव्हा तिळाची फॅशन होती, म्हणून हिने हट्टाने हनुवटीवर पेन्सिलीचा तीळ काढून घेतला होता. लेकीला तो आयता मिळाला, तर म्हणे घाण.

पण वाद घालून पोट भरत नाही. बाईंनी तिळावर केशरी क्रीम लावलं, त्यावर कातडीच्या रंगाचं थापलं, पावडर दाबली. तीळ गेला.

आई मागे सरकून न्याहाळत राहिली. "चेहरा अगदीच ओकाबोका वाटतोय हो. गालावर एक बारीकसा तीळ काढता का? हल्ली तिथे काढतात."

 बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या नवरीपुढे वाकल्या.

"काढा मावशी," नवरी ओठ न हलवता म्हणाली. "खोटा असला की आईला चालतो."