कोयत्याचा कीस

चुंबक जवळ नेताच तापवून झालेला काळा गोळा टेबलावरून सरकला आणि त्याला चिकटला.

वर्षाराणीने तो ओढून काढला, पुन्हा चुंबक नेलं. पुन्हा चिकटला. पुस्तकात तर स्पष्ट छापलं होतं: लोखंडाचा कीस आणि गंधक नुसते कालवले तर मिश्रण, त्यातलं लोखंड चुंबकाने निघतं. तापवले की संयुग, मग चुंबकाचं काही चालत नाही.

राधाकिशन सरांनी खणातून कोळशाचा गुळगुळीत तुकडा काढला.

"उद्या तापवून झालं की गोळा बाजूला सार, अन् ह्याला चुंबक लाव."

"सर, हा कोळसा हाय."

"दरवर्षी हाच चालतो. परीक्षकांना घाई असते."

अख्ख्या प्रयोगशाळेत पुस्तकाचं मुकाट ऐकणारी वस्तू ती एवढीच होती.

उद्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. नंबर आला तर जिल्ह्याला जायचं, आणि जिल्ह्याला गेलीस तर यंदा उसाला नेणार नाही, असं तिच्या वडिलांनी, अभिमन्यूने, कबूल केलं होतं. आजीजवळ राहून शाळा करायची. नाहीतर टोळीबरोबर कारखान्यावर, मोळ्या बांधायला. सरांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते कोळसा देत होते. माणूस वाईट नव्हता. तरी तिला त्यांचा राग आला आणि तो सकाळपर्यंत उतरला नाही.

प्रदर्शनात कोळसा दप्तरातच राहिला. परीक्षक बाईंसमोर तिने तापवलेला गोळा ठेवला, चुंबक नेलं. चिकटला. शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली.

"म्हणजे संयुग झालंच नाही," बाई म्हणाल्या.

"झालंय. सगळं न्हाई झालं."

तिने गोळा खलात कुटला आणि भुकटीवरून चुंबक फिरवलं. काही कण वर आले, बरीचशी काळी भुकटी खालीच राहिली.

"वर आलं ते उरलेलं लोखंड. खाली राहिलं ते संयुग. गंधक कमी पडला."

"पुस्तकात असं दिलेलं नाही."

"न्हाई ना बाई. पण झालं ते असं झालं. मग दुसरं कावून सांगू?"

बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. नंबर लाल पाणी ओकणाऱ्या ज्वालामुखीला मिळाला.

"सांगितलं होतं तुला," परतताना सर म्हणाले.

तिने कोळसा त्यांच्या हातावर ठेवला.

घरी अंगणात अभिमन्यू कोयत्याला कानस लावत बसला होता. प्रयोगाचा कीस तिने इथूनच, त्याच्या पायाशी पडलेला उचलून नेला होता.

"आला का नंबर?"

"न्हाई."

"मग बोचकं भर."

"न्हाई भरत." तिचा आवाज चढला. "आबा, सरांनी कोळसा दिलता, गोळ्याच्या जागी दाखवायला. तो दाखवला असता तर नंबर आला असता. खरं दाखवलं म्हणून मी उसाला यायचं का?"

आजी छबुबाई दारात येऊन उभी राहिली. कानस थांबली होती.

वर्षाराणी खाली बसली, चुंबकाला कागद गुंडाळला आणि मातीवरून फिरवू लागली. कागदाला बारीक कीस लागत होता, त्याच्याबरोबर धूळही येत होती.

"आता कशाला त्ये?" अभिमन्यूने विचारलं.

"गंधक वाढवून परत करायचं हाय. सोमवारी."

"सोमवारी गाड्या निघत्यात."

"निघू द्या."

त्याने कोयत्याची धार अंगठ्याने चाचपली. मग उठून घरात गेला, जुनं वर्तमानपत्र घेऊन आला आणि पायांमध्ये नीट पसरलं.

"मातीतला नको घेऊ," तो म्हणाला, आणि कोयता कागदावर धरून कानस चालवू लागला.