अक्रोडाची मूठ

खंडेनवमीच्या सकाळी माझा मुलगा शैलेंद्र देवघरापाशी आला आणि म्हणाला, “बाबा, या वर्षी ह्याचीपण पूजा कराल?” त्याच्या हातात नेमबाजीच्या स्पर्धांचे पिस्तूल होते.

कॅनडात एडमंटनला त्याच्या घरी राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत त्याने माझ्या विद्येतले काही माझ्याकडे मागितल्याचे मला स्मरत नाही. मी वाईला अडतीस वर्षे संस्कृत शिकवले. परगावची मुले माझ्याकडे शिकायला येऊन राहत. आणि माझ्या स्वतःच्या मुलाने दहावीनंतर संस्कृत सोडले. त्या वेळी मी काही बोललो नव्हतो, पण विसरलोही नव्हतो. म्हणून त्या सकाळी मला भरून आले. त्याला बोटभर कुंकू अपेक्षित होते. तो हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला, आणि मी दूध, दही, तूप, मध, साखर यांच्या पंचामृताने, एकेक पळी घेत, त्या शस्त्राला यथाविधी स्नान घातले.

डोळे उघडल्यावर तो एवढेच म्हणाला, “अरे देवा.”

त्याने ते तत्काळ पुसले, तेल दिले आणि नियमाप्रमाणे पोलादी कपाटात कुलूपबंद केले. परंतु दह्याची आंबट ओल सांध्यांमध्ये उतरली होती. तीन आठवड्यांत निळसर काळ्या नळीवर तांबूस ठिपके उठले आणि चाप अडखळू लागला. शैलेंद्र मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला कोवालचुकांशी.

वॉल्टर कोवालचुक हे त्याचे नेमबाजीचे गुरू. वय ऐंशी. शाळेत सुतारकाम शिकवत असत आणि शनिवार-रविवार क्लबात नेमबाजी. ते पिस्तूल मूळचे त्यांचेच. हात कापू लागले तेव्हा त्यांनी ते शैलेंद्रच्या नावावर केले. त्यानंतर या देशात कायदा बदलला. आता साध्या माणसाला पिस्तूल विकत घेता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने जपायचे. पिस्तुलाची मूठ कोवालचुकांनी स्वतः अक्रोडाच्या लाकडातून कोरली होती. आधी त्यांच्या आणि मग शैलेंद्रच्या तळव्याने ती इतकी गुळगुळीत झाली होती की लाकूड न वाटता ओला दगड वाटावा.

“वॉल्टर, यू वोन्ट बिलीव्ह इट,” शैलेंद्र फोनवर सांगत होता. “योगर्ट! येस, योगर्ट अँड हनी!”

पलीकडचे हसू मला जिन्यावर ऐकू आले. मग शैलेंद्रही हसला. तसे हसताना मी त्याला घरात पाहिले नव्हते. माझ्याशी तो नेहमी आदराने बोलतो. त्या दिवशी मला तो आदर नकोसा झाला.

जानेवारीत त्याने पिस्तूल ते बनवणाऱ्या ऑन्टारिओतल्या कारखान्याकडे नूतनीकरणासाठी पाठवले. अर्ज भरताना त्याने एक ओळ दोनदा अधोरेखित केली, ती मी खांद्यावरून वाचली: मूठ बदलू नये. उत्तरेकडच्या कामाच्या साइटवर त्याच्या मोबाइलला रेंज नसते, म्हणून त्याने घरचा नंबर दिला आणि तो कामावर गेला.

गुरुवारी फोन वाजला. सून चित्रा ऑफिसात होती.

“मिस्टर आगाशे?” एका तरुणीने विचारले.

“बोलतोय,” मी म्हणालो. हे असत्य नव्हते.

ती म्हणाली, काम उत्तम चालले आहे, सोमवारी पूर्ण होईल. पण लाकडी मूठ चिकट झाली आहे आणि तिला केसाएवढी चीर आहे. ती साफ करून तशीच ठेवता येईल, किंवा नूतनीकरणातच नवी रबरी मूठ बसवून मिळेल. मात्र जुने भाग कारखाना परत पाठवत नाही, टाकून देतो. “बदलू नये असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच विचारते आहे. तुम्हीच शैलेंद्र ना?”

मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर बर्फ होते आणि घरात कोणी नव्हते.

“हो,” मी म्हणालो. “नवी बसवा.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी कधी खोटे बोललो नाही असे नाही. पण दुसऱ्याचे नाव घेऊन कधी बोललो नव्हतो. आश्चर्य असे की त्या संध्याकाळी मला चांगली भूक लागली. त्या पिस्तुलातून कोवालचुक निघून जातील, आणि दोष कारखान्याचा ठरेल. शनिवारी शैलेंद्र परतला. बूट काढता काढता त्याने विचारले, “कारखान्याचा फोन वगैरे?”

“नाही,” मी म्हणालो.

रविवारी कोवालचुक जेवायला आले. चित्राने पोळ्या लाटायला घेतल्या आणि शैलेंद्र किराणा आणायला बाहेर पडला. बैठकीत आम्ही दोघेच उरलो. चहा हिंदकळू नये म्हणून त्यांना कप अर्धाच भरून देतात. शैलेंद्रच्या खुर्चीत ते अगदी आपली असल्यासारखे बसले होते.

“तर मग प्रोफेसर,” ते इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या दह्याने माझं पिस्तूल खाल्लं.”

“आपले? मला वाटले, ते आता शैलेंद्रचे आहे.”

“लागलं वाटतं!” ते हसले. मग त्यांनी कप दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. “एक सांगतो. सांगायची इच्छा नाही, पण सांगतो. नवख्याला श्वास शिकवायला मला दोन वर्षं लागतात. घ्यायचा, थांबवायचा, पण थांबण्यात ताण नको, खांदा हलता कामा नये. हे कुणाला जमत नाही. तुमचा मुलगा पहिल्या दिवशी आला आणि त्याला ते येत होतं. मी विचारलं, कुठल्या क्लबात होतास? म्हणाला, माझ्या वडिलांनी शिकवलंय, आठव्या वर्षी, नाक धरून.”

मुंज झाल्यावर मी त्याला संध्या शिकवली होती; तिच्यातला प्राणायाम, पूरक, कुंभक, रेचक. सहा महिन्यांत त्याने ती सोडली, असे मी समजत होतो.

“मला ते आवडलं नाही,” कोवालचुक म्हणाले. “मी म्हटलं, ते विसर, माझ्या पद्धतीने कर. तो बरं म्हणाला. अकरा वर्षं झाली, अजून तुमच्याच पद्धतीने करतो. मी मागे उभा राहून त्याचे खांदे बघतो आणि मला राग येतो.”

“अजून?”

“अजून. मेडल मिळालं की लोक माझा हात हातात घेतात. मी दिलं काय त्याला? धरायला एक लाकडाचा तुकडा.”

मला आधी काय वाटले ते प्रामाणिकपणे लिहितो. पश्चात्ताप नंतर आला. आधी आनंद झाला, आणि तो काही सज्जनाचा आनंद नव्हता. पुन्हा सांगा, असे म्हणावेसे वाटले. मग त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे लक्ष गेले आणि तो लाकडाचा तुकडा आठवला. जेवताना मी एकच पोळी घेतली.

सोमवारी सकाळी सहाला, म्हणजे तिकडे आठ वाजता, मी कारखान्याला फोन केला. तीच तरुणी होती.

“मिस्टर आगाशे, मूठ शुक्रवारीच उतरवली आहे. टाकाऊ भागांच्या पेटीत असेल, ती आज दुपारी जाते. पण निर्णय बदलायचा तर आता लेखी हवं. परवान्यावरचा नंबर घालून तुमच्या ई-मेलवरून पाठवा.”

ती अजून मला शैलेंद्रच समजत होती. लेखी लागले नसते, तर मी पुन्हा एकदा शैलेंद्र झालो असतो आणि कुणाला काही कळले नसते. हे मी नाकारत नाही.

शैलेंद्र घरापुढचे बर्फ फावड्याने काढत होता. मी कोट चढवून बाहेर गेलो.

“बाबा, आत जा! मायनस ट्वेंटी-टू आहे, डोक्यावर टोपीपण नाहीये तुमच्या.”

“कारखान्याचा फोन आला होता. गुरुवारी. मी तुझे नाव सांगितले आणि मूठ बदला म्हणालो. ती आज दुपारी टाकून देतील. तू आत्ता लेखी कळवलेस तर राहील.”

त्याच्या हातातले फावडे तसेच राहिले. “पण… का?”

“मला तुझ्या गुरूंचा मत्सर वाटतो.”

“बाबा, ते ऐंशी वर्षांचे आहेत!”

“मी अठ्ठ्याहत्तरचा आहे.”

फावडे बर्फात रोवून तो आत पळाला. बूटही काढले नाहीत. स्वयंपाकघरापर्यंत पाण्याचे ठसे उमटले. त्याने ई-मेल धाडला, मागोमाग फोन केला आणि पेटी शोधून होईपर्यंत तो कानाशी धरून उभा राहिला. मी दाराशी उभा होतो. मला कोणी बस म्हणाले नाही. बऱ्याच वेळाने तो “थँक यू, थँक यू सो मच” म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

“मिळाली. तीच लावून पाठवतायत.”

“शैलेंद्रा—”

“आत्ता नको, बाबा.” त्याचा स्वर आदराचा नव्हता. प्रथमच तो माझ्यावर मोकळेपणाने रागावला होता. त्याने वॉल्टरचा नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. “तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

मी सर्व सांगितले: गुरुवार, शनिवार आणि आजची सकाळ. कारणही सांगितले.

“मग काल मी ते श्वासाचं तुम्हाला सांगायलाच नको होतं,” कोवालचुक म्हणाले.

“खरे आहे,” मी म्हणालो. “पण आता सांगितलेत.”