न धुतलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. शिंदखेड्याजवळच्या एका गोठ्यात, कडब्याच्या आड फुटक्या पोटाने पडलो आहे. हे पोट माझ्या मालकानेच कुदळीच्या दांड्याने फोडले.

मालक म्हणजे झुलालआबा. दहा वर्षे मी त्यांच्या पाठीवर बसून कपाशीत राबलो. माझ्या पट्ट्यांनी त्यांचे खांदे सोलले, तरी रोज संध्याकाळी ते मला धुऊन पुसून ठेवायचे.

मग त्यांचे गुडघे गेले आणि मी पोराच्या हाती आलो. त्या वर्षी पावसाने महिनाभर दडी मारली. कपाशीची फुले-पाती गळू लागली. आबांची सून कोकिळा समुद्री शेवाळाचा अर्क घेऊन आली.

"दर्यानं शेवाळ आठे काय करी?" आबा हसले.

तरी तिने नाल्याकडच्या अर्ध्या शेतात तो फवारला. अर्काने काही पाऊस पाडला नाही, पण झाडांना ताण सोसायचे बळ दिले. माना टाकलेली कपाशी सावरली. आबांनी उरलेले शेतही तिच्या हवाली केले. मी तर हवेतच होतो!

पण त्या फवारणीच्या आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने, दीपकने, माझ्यातूनच बांधावर तणनाशक मारले होते. विहिरीने तळ गाठलेला. मला धुण्यात दोन बादल्या पाणी घालवणे त्याच्या जिवावर आले. कोकिळेला हे ठाऊक नव्हते. तिने माझ्यात अर्क भरला आणि उरलेल्या शेतात फवारला.

आठवड्यात पाने आकसून भेंडीच्या पानांसारखी झाली. आबा दांडा घेऊन खळ्यात आले.

"तुन्हा शेवाळनी मन्ही कपाशीनी वाट लाई दिन्ही!"

"आबा, पंपना वास ल्या! तणनाशकना शे!" कोकिळा ओरडली.

पहिला घाव माझ्यावर बसला. दुसरा तिच्यावर. तिने हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त माझ्या नळीवर उडाले. दीपक दारात उभा राहून बघत होता. तिसऱ्यांदा दांडा तिच्या डोक्यावर उगारला गेला, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

"आबा, थांबा! पंप मी धोया नही!"

आबांनी तो दांडा दीपकच्या पाठीवर मोडला. मग कोकिळेजवळ बसून ढसाढसा रडले. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

नाल्याकडची कपाशी वेचणीला आली. कोकिळेला उजव्या हाताने आता बोंड वेचता येत नाही.

मित्रांनो, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. नसेल वेगळा, तर खळखळून धुवा. आणि धुवायचा राहिलाच, तर निदान पहिल्या घावाआधी सांगा. मला तोंड नव्हते. दीपकला होते.